आबालाल रहिमान आणि कोल्हापूरचे निसर्गचित्र

'प्रादेशिक चित्रकार' ही संज्ञा आपल्याकडे बहुधा किंचित अनुकंपेने योजिली जाते. जो राजधानीत स्थिरावू शकला नाही तो प्रादेशिक, असा तिचा रूढ अर्थ होऊन बसला आहे. आबालाल रहिमान यांच्या बाबतीत हा अर्थ लावणे अन्यायाचे होईल. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत त्यांनी शिक्षण घेतले आणि १८८८ साली व्हाइसरॉयचे पदक मिळविले. अशा विद्यार्थ्यास मुंबईत व्यक्तिचित्रांची कामे मिळण्यास अडचण पडली नसती. तथापि ते कोल्हापुरास परतले आणि १९३१ साली निधन होईपर्यंत तेथेच राहिले.

घरात अरबी-फारसीची विद्या होती. वडील कुराणाच्या हस्तलिखित प्रती सजवीत असत. रेषेवरील संयम आबालालांनी प्रथम तेथे, पोथीच्या पानावर, शिकला असावा. पुढे शाहू छत्रपतींनी त्यांना दरबारचा आश्रय दिला. १९२२ साली महाराज निवर्तले. आबालालांचा जीव मात्र दरबारी चित्रांपेक्षा कोटितीर्थाच्या काठी अधिक रमला. तेथेच त्यांनी एकांतवास पत्करला होता.

कोटितीर्थ आणि रंकाळा या दोन तळ्यांनी त्यांना आयुष्यभर विषय पुरविला. रंकाळ्याच्या पाण्यातील संध्यामठ हे त्यांचे आवडते स्थळ. स्थळ एकच, प्रहर निराळा, ऋतू निराळा. पाण्यावरील प्रकाश क्षणाक्षणाला पालटतो, आणि जलरंग लावणाऱ्यास तो पालटण्यापूर्वी हात आवरावा लागतो. यातूनच त्यांच्या चित्रांतील तुटक, तरल रंगस्पर्श आला असावा. समीक्षक या स्पर्शास फ्रेंच दृक्प्रत्ययवादाचे नाव देतात. नाव सोयीचे आहे खरे, परंतु पॅरिसकडे बोट दाखविण्यापूर्वी रंकाळ्याची संध्याकाळ एकवार पाहून यावी हे बरे.

याच काळात, १८८९ साली, जर्मनीत ब्रेमेननजीकच्या वोर्प्सवेडे या दलदलीच्या खेड्यात मॅकेन्सन, मोडरसोन आणि आम एंडे हे तरुण चित्रकार वस्तीस गेले. त्यांचाही विषय गावचे पाणी, आभाळ आणि माती हाच होता. परंतु ते एकत्र होते. १८९५ साली म्युनिकच्या प्रदर्शनाने त्यांना कीर्ती दिली, आणि १९०३ साली कवी रिल्के यांनी त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. आबालालांना ना संघ लाभला, ना प्रदर्शन, ना समकालीन चरित्रकार. चित्रे ते मागेल त्यास देऊन टाकीत, अशी आठवण कोल्हापुरात सांगितली जाते. आज त्यांची थोडीच चित्रे हाती उरली आहेत, आणि त्यांच्या शैलीचा क्रमविकास लावू पाहणाऱ्यास पदोपदी अडखळावे लागते. दोहोंतील अंतर प्रतिभेचे नाही. ते नोंदीचे आहे.

तरीही परंपरा खुंटली नाही. बाबूराव पेंटरांसारख्या पुढच्या पिढीतील कलावंतांनी आबालालांना गुरुस्थानी मानले. उघड्यावर बसून आपल्याच गावचे पाणी रंगविणे हे हलके काम नव्हे, ही समजूत कोल्हापूरच्या चित्रकारांत त्यांच्यापासून रुजली, आणि चंद्रकांत मांडरे यांच्या निसर्गचित्रांपर्यंत ती पोहोचली.