वृत्तपत्रातून युद्धेतिहासाकडे

वृत्तपत्राचे आयुष्य एका दिवसाचे; परंतु ‘केसरी’त लेखणी झिजविलेल्या कै. वि. स. वाळिंबे (१९२८–२०००) या पत्रकाराने ‘वॉर्सा ते हिरोशिमा’ लिहून १९३९–४५ चे महायुद्ध मराठी घरांत कायमचे आणून ठेविले.

आमच्या ढोकीच्या मुलखाचे काय? १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सेना सोलापूरकडून नळदुर्गमार्गे निजामी राज्यात शिरली व पाचव्या दिवशी निजामाने शरणागती पत्करली. त्या दिवसांच्या हकिकती वडीलधाऱ्यांनी ओसरीवर आम्हांस सांगितल्या. शिक्षक असूनही आम्ही त्या टिपून ठेविल्या नाहीत. आज ती माणसे नाहीत. ज्ञातीतील तरुणांनी तरी, घरी कोणी वृद्ध असतील तोवर, वही घेऊन त्यांच्यापाशी बसावे, हीच विनंती.