वनहक्क, यवतमाळ जिल्ह्यातील

गोंड, कोलाम आदी आदिवासींचे जंगलावरील पारंपरिक हक्क, ते हिरावले गेल्याचा इतिहास आणि ते परत मिळवण्याची कायदेशीर प्रक्रिया. यवतमाळ ज्यात येते ते वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. पुढे जंगले ‘राखीव’ ठरली. चराई, मोहफूल, डिंक, सरपण या नित्याच्या गोष्टी परवानगीच्या किंवा गुन्ह्याच्या कक्षेत गेल्या. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी भागांतील पोडांवर (कोलामांच्या वस्त्यांवर) राहणाऱ्या कोलामांना याची झळ अधिक बसली. डोंगरउतारावरील फिरती शेती हाच त्यांचा आधार होता. 10 जुलै 1930 रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ राखीव जंगलातील गवत कापून सत्याग्रह केला. तो स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात नोंदला गेला. पोडांवरचे रोजचे कायदेभंग मात्र गुन्हेच राहिले. स्वातंत्र्यानंतरही 1927 चा भारतीय वन अधिनियम कायम राहिला.

2006 च्या वनहक्क अधिनियमाने आदिवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याचे उद्देशिकेतच मान्य केले. अन्यायाची अशी कबुली देणारे कायदे विरळाच. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून ताब्यात असलेली वनजमीन (कमाल 4 हेक्टर), सामूहिक वनहक्क आणि कोलामांसारख्या विशेष असुरक्षित जमातींसाठी अधिवास हक्क यांची त्यात तरतूद आहे. दाव्याची सुरुवात ग्रामसभेपासून होते, अंतिम निर्णय जिल्हास्तरीय समितीचा. पुराव्याचे ओझे मात्र दावेदारावरच, आणि फिरती शेती करणाऱ्यांकडे सातबारा कुठून असणार? म्हणून नियमांनी वडीलधाऱ्यांची लेखी साक्षही ग्राह्य धरली. 13 फेब्रुवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला. 28 फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली.