दप्तर सांभाळणाऱ्याची चोरी

इंग्रजीतील ‘सेक्रेटरी’ हा शब्द ‘गुपित’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेला असून, धन्याची गुपिते ज्याच्यापाशी राहतात तो, असा त्याचा मूळ अर्थ होय. आपल्या ‘चिटणीस’ व ‘फडणीस’ या शब्दांत गुपिताचा मागमूसही नाही. त्यांतील ‘नीस’ हा ‘लिहिणारा’ या अर्थाच्या फार्सी ‘नवीस’चा अवशेष आहे. एका भाषेने त्या माणसावरील विश्वास नावात आणला, दुसरीने त्याचे काम. आजच्या कचेरीतील संगणकव्यवस्थेचा सेवक या दोहोंत बसत नाही. तो मजकूर लिहीत नाही, बहुधा वाचीतही नाही. तथापि साऱ्या दप्तराच्या किल्ल्या त्याच्या कमरेला असतात. असा मनुष्य दप्तराची नक्कल घेऊन बाहेर पडला, तर त्याच्या कृत्यास काय म्हणावयाचे? प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र आहे, न्यायशास्त्र नव्हे; परंतु एर्वे फाल्चियानी याच्या प्रकरणाचा इतिहास पाहता हा प्रश्न बराचसा शब्दाचाच आहे असे दिसून येते.

फाल्चियानी हा एच.एस.बी.सी. बँकेच्या जिनीव्हा येथील खाजगी पेढीत संगणक अभियंता होता. २००६ ते २००८ या काळात तेथील खातेदारांची माहिती त्याच्या हाती आली. स्वित्झर्लंडमध्ये १९३४च्या बँक-कायद्याने खातेदाराचे गुपित फोडणे हा फौजदारी गुन्हा ठरविलेला आहे, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे. फेब्रुवारी २००८मध्ये तो खोटे नाव धारण करून बैरूतला गेला आणि तेथील बँकांपुढे ही माहिती त्याने मांडली. ती विकावयाची होती असे स्विस अभियोक्त्यांचे म्हणणे. बँकेच्या व्यवहाराकडे लक्ष वेधावे एवढाच हेतू होता असे त्याचे स्वतःचे. खोट्या नावाने केलेल्या या प्रवासाचा त्याने दिलेला खुलासा मला पटत नाही. डिसेंबर २००८मध्ये जिनीव्हा येथे पोलिसांनी त्याची जबानी घेतली. लगेच तो फ्रान्समध्ये निघून गेला आणि वर्षअखेरीपर्यंत माहिती फ्रेंच करखात्याच्या हाती पडली.

पुढे जे घडले ते मौजेचे आहे. जानेवारी २००९मध्ये स्विस सरकारच्याच विनंतीवरून फ्रेंच पोलिसांनी त्याच्या घराची झडती घेतली व संगणक जप्त केला. नीसचे सरकारी अभियोक्ते एरिक द मोंगोल्फिए यांनी आतील यादी पाहिली आणि चोराचा तपास सोडून खातेदारांचा तपास आरंभिला! बँकेने आरंभी दहाएक खातेदारांचीच माहिती गेल्याचे सांगितले होते. मार्च २०१०मध्ये तिला हा आकडा सुमारे २४,००० असल्याचे मान्य करावे लागले. २०११मध्ये स्विस वित्तीय नियामकाने संगणकव्यवस्थेवरील अपुऱ्या देखरेखीबद्दल बँकेलाच ताकीद दिली. किल्ली ज्याने फिरविली त्याच्याइतकाच, ती ज्याने बेफिकिरीने हाती दिली त्याचाही दोष येथे मानला गेला.

आता नावांकडे वळू. २७ नोव्हेंबर २०१५ रोजी बेलिंझोना येथील स्विस संघीय फौजदारी न्यायालयाने फाल्चियानीस त्याच्या गैरहजेरीत पाच वर्षांची शिक्षा दिली. परंतु माहितीची चोरी केल्याच्या, तसेच व्यापारी व बँकेच्या गुपिताचा भंग केल्याच्या आरोपांतून त्यास मुक्त केले. दोष सिद्ध झाला तो आर्थिक हेरगिरीचा. आणि त्या देशाच्या दंडसंहितेत हे कलम राज्याविरुद्धच्या गुन्ह्यांच्या प्रकरणात येते. म्हणजे शिक्षा झाली ती बँकेचे दप्तर नेले म्हणून नव्हे, तर ते परक्यास दिले म्हणून. उलट स्पेनच्या न्यायालयाने २०१३मध्ये त्यास स्वित्झर्लंडच्या हवाली करण्याचे नाकारले, कारण तेथे अशा गुपिताला कायद्याचे संरक्षण नव्हते व त्याची माहिती संशयास्पद व्यवहारांविषयी होती. २०१८मध्ये तीच मागणी पुन्हा फेटाळण्यात आली. एकच कृत्य बर्नमध्ये हेरगिरी, माद्रिदमध्ये साक्ष. कृत्य बदलले नाही. ज्या राज्याचा तोटा वा लाभ झाला ते बदलले.

आपला संबंध येतो तो २०११पासून. त्या वर्षी फ्रान्सने भारत सरकारला ६२८ नावांची यादी दिली. ऑक्टोबर २०१४मध्ये सरकारने ६२७ नावे बंद लिफाफ्यात सर्वोच्च न्यायालयाच्या स्वाधीन केली. बेकायदा रीतीने हाती आलेला कागद पुरावा म्हणून घ्यावा की नाही, हा वाद आपल्याकडे जुना आहे. आयकर खात्याच्या झडतीसंबंधीच्या पूरणमल खटल्यात १९७३मध्ये घटनापीठाने, केवळ झडती बेकायदा होती म्हणून तीत मिळालेला पुरावा टाकाऊ ठरत नाही, असा निर्णय दिलेला आहे. अर्थात यादीत नाव असणे म्हणजे गुन्हा नव्हे. कायदेशीर खाते असलेल्या खातेदाराचेही गुपित त्याच नकलेतून बाहेर गेले; त्याची दाद या साऱ्या वादात फारशी कोणी घेतलेली दिसत नाही.

मराठीत अशा प्रसंगी आपण ‘यादी फुटली’, ‘बातमी फुटली’, ‘पेपर फुटला’ असे म्हणतो. क्रियापद अकर्मक; कर्त्याच्या जागी ती वस्तूच. ‘फोडली’ म्हटले की कोणी, हे सांगणे भाग पडते. ‘फुटली’ म्हणताच फोडणारा वाक्यातून निसटतो. फाल्चियानीच्या बाबतीत तो निसटला नाही. फेब्रुवारी २०१५मध्ये मात्र ‘ल मोंद’ या फ्रेंच दैनिकाने मिळविलेल्या व इतर देशांतील पत्रकारांना दिलेल्या कागदांवरून ‘इंडियन एक्स्प्रेस’ने ११९५ भारतीय खातेदारांची माहिती छापली. ते कागद थेट बँकेतून आले नव्हते. फ्रेंच सरकारच्या दप्तरातून आले होते. तेथे त्यांची राखण करणाऱ्या ज्या कोणी ते बाहेर दिले, त्याचे नाव दैनिकाने सांगितले नाही. तेथे यादी नुसती फुटली.