ब्लू डायमर

रुथेनियम या संक्रमण धातूचे निळ्या रंगाचे जटिल संयुग. पाण्याचे ऑक्सिडीकरण करून ऑक्सिजन मुक्त करणारा आणि रेणुरचना निश्चितपणे ठाऊक असलेला हा पहिला उत्प्रेरक. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात टॉमस जे. मायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये त्याचा हा गुण प्रसिद्ध केला.

यात रुथेनियमचे दोन अणू ऑक्सिजनच्या एका अणूने सांधलेले असतात. प्रत्येक रुथेनियमला बायपिरिडीनचे दोन लिगंड आणि पाण्याचा एक रेणू बांधलेला असतो.

पाण्याच्या दोन रेणूंमधून चार इलेक्ट्रॉन व चार प्रोटॉन काढून घेतले की ऑक्सिजनचा एक रेणू मिळतो. चारही इलेक्ट्रॉनांची सरासरी धरली, तर यासाठी प्रमाण स्थितीत १.२३ व्होल्ट पुरतात. मात्र मोकळ्या पाण्यातून एकच इलेक्ट्रॉन ओढून हायड्रॉक्सिल मूलक बनवायचा झाला, तर सुमारे २.७ व्होल्ट लागतात.  धातूला बांधलेल्या पाण्याचे तसे नसते. इलेक्ट्रॉन जाताना त्याच्याबरोबर प्रोटॉनही निघून जातो, त्यामुळे आयनावर धनप्रभार साचत नाही आणि पुढचा इलेक्ट्रॉन काढणे फारसे अवघड होत नाही. मायर यांच्या गटाला ही जोडगती आधीच, एकाच रुथेनियमच्या जटिलांत दिसली होती, आणि ब्लू डायमरचे खरे मोल तिच्यात आहे. टप्प्याटप्प्याने दोन्ही रुथेनियम +५ या ऑक्सिडीकरण स्थितीला पोचतात. मग धातूवरच्या इलेक्ट्रॉन-न्यून ऑक्सिजनवर द्रावणातील पाणी हल्ला करते आणि दोन ऑक्सिजन अणूंमधला बंध जुळतो.

उत्प्रेरक म्हणून मात्र तो दुबळाच ठरला. ऑक्सिजन सुटल्यावर रिकाम्या जागी पाण्याऐवजी द्रावणातले ऋणायन बसतात आणि चक्र रेंगाळते.

दोन धातू-केंद्रे अनिवार्य आहेत, ही समजूत रँडॉल्फ थमेल यांनी २००५ मध्ये दाखवलेल्या एककेंद्री रुथेनियम जटिलांमुळे डळमळली. २०१२ मध्ये स्वीडनमधील लिचेंग सुन यांच्या गटाने उत्प्रेरक चक्राच्या सेकंदाला ३०० हून अधिक आवर्तनांचा वेग गाठला. हिरव्या वनस्पतींतील प्रकाशसंश्लेषणाचा वेगही याच पट्टीतला आहे. सुन यांच्या द्रावणात मात्र उत्प्रेरकाचे दोन रेणू एकमेकांना भेटून ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध जुळवतात. त्यामुळे असा रेणू विद्युतअग्राच्या पृष्ठभागावर जखडला की ही भेट अवघड होते. द्रावणातला वेग धनाग्रावर मिळेलच असे गृहीत धरता येत नाही. स्पेनमधील अँतोनी ल्योबेत यांच्या गटाने २०१५ मध्ये लिगंडावरच्या मोकळ्या कार्बोक्झिलेट गटाला प्रोटॉन उचलायला लावले आणि सामू ७ असताना सेकंदाला सुमारे ८,००० आवर्तने नोंदवली. हा आकडा विद्युतप्रवाहाच्या आलेखावरून काढलेला आहे. दीर्घकाळ चाललेल्या घटाचे ते मापन नव्हे, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

टिकाऊपणा हाच या क्षेत्रातला कठीण प्रश्न आहे. पाण्याचे ऑक्सिडीकरण ज्या विभवावर होते, तिथे कार्बनी लिगंडही जळू लागतात आणि कधी रेणू मोडून धातूचे ऑक्साइडच उत्प्रेरक बनते. मिळालेला ऑक्सिजन नेमका कोणाचे काम, हे म्हणून प्रत्येक वेळी तपासावे लागते. वनस्पतींमध्येही चार मँगनीज व एक कॅल्शियम अणू असलेल्या केंद्राभोवतीचे प्रथिन प्रकाशात सतत बिघडते, आणि पेशी ते वारंवार काढून नवे बसवते. धनाग्रावर बांधलेल्या रुथेनियम जटिलांसाठी अशी दुरुस्तीची सोय अजून बनलेली नाही.