वाळवंटी परसबाग (टूसॉन)

उष्ण वाळवंटातल्या घराभोवती, मुख्यतः पावसाच्या पाण्याच्या हिशेबाने आखलेली बाग आणि अंगण. अशा आखणीचा कसून विचार करणाऱ्या शहरांत अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातले टूसॉन आघाडीवर आहे. सोनोरन वाळवंटातल्या या शहरात वर्षाकाठी सुमारे 280 ते 300 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही दोन हप्त्यांत. जुलै ते सप्टेंबर गडगडाटी, झोडपून काढणाऱ्या सरी येतात आणि हिवाळ्यात संथ रिपरिप होते. मधल्या मे-जूनमध्ये पारा 38 अंशांपलीकडे जातो आणि हवेत ओलावा नावालाही उरत नाही.

इथे बाग आखताना आधी पाण्याची वाट पाहावी लागते. पाऊस आला की छपरावरून, फरशीवरून, रस्त्यावरून पाणी कुठे धावते ते नीट बघायचे. 100 चौरस मीटरच्या छपरावर 280 मिलिमीटर पाऊस पडला, तर त्याचे 28,000 लिटर होतात. थोडे वाया गेले तरी उरलेले पाणी मोलाचे असते. काही पन्हळीतून टाकीत घेता येते, पण सर्वांत स्वस्त आणि मोठी टाकी म्हणजे जमीन. म्हणून अंगण रस्त्यापेक्षा उंच न ठेवता उथळ खळगी खणतात आणि त्यांत पालापाचोळ्याचे आच्छादन घालतात. झाडे खळग्याच्या काठावर किंवा आतल्या पायरीवर लावायची, निवडुंग उंचवट्यावर. निवडुंगाच्या बुंध्याशी पाणी साचले तर तो कुजतो.

शहराच्या डनबार-स्प्रिंग वस्तीत राहणारे ब्रॅड लँकेस्टर यांनी ही पद्धत लोकांपर्यंत नेली. झिंबाब्वेतल्या झेफानिया फिरी या शेतकऱ्याने कोरड्या रानात पाणी कसे जिरवले, ते त्यांनी प्रत्यक्ष जाऊन पाहिले होते. परतल्यावर त्यांनी घरासमोरच्या रस्त्याच्या काठाला खाच पाडली, म्हणजे गटाराकडे जाणारे पावसाचे पाणी झाडाच्या आळ्यात वळले. तेव्हा ते बेकायदा होते. 2007 मध्ये नगरपालिकेने अशा खाचांना परवानगी दिली. एका रहिवाशाच्या खटाटोपातून शहराचा नियम बदलला, ही या विषयातली सर्वांत उमेद देणारी घटना म्हणावी लागेल.

पाण्यानंतर सावली. टूसॉनमध्ये दुपारचे पश्चिमेचे ऊन सर्वांत जाचक, तेव्हा मोठी झाडे घराच्या पश्चिमेला आणि पूर्वेला लावतात. दक्षिण बाजू मोकळी ठेवली की हिवाळ्यातला कललेला सूर्य घरात येतो. व्हेल्वेट मेस्किट, पालो व्हर्दे, डेझर्ट आयर्नवुड ही इथलीच झाडे. मेस्किटच्या वाळलेल्या गोडसर शेंगा दळून पीठ करतात. लहान साग्वारो निवडुंग रानात अशाच झाडांच्या सावलीत वाढतो आणि तोच क्रम बागेतही पाळावा. साग्वारो दुसरीकडे हलवायचा, तर जुन्या जागी दक्षिणेला असलेली बाजू नव्या जागीही दक्षिणेलाच ठेवतात, नाहीतर कोवळी बाजू उन्हाने भाजते.

खणायला लागले की अनेक ठिकाणी चुनखडीचा दगडासारखा थर लागतो. खड्ड्यात पाणी भरून पाहायचे; दिवसभरात ते जिरले नाही तर थर फोडायचा किंवा जागा बदलायची. लागवडीला ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम, कारण उन्हाळ्याआधी मुळांना वेळ मिळतो. थंडी न सोसणारी झाडे मात्र मार्चमध्ये लावावीत.

भाजीचे वाफे उंच न करता जमिनीखाली खोलगट करावेत, म्हणजे ओल टिकते आणि कोरडा वारा वरून निघून जातो. तोहोनो ओ'ओदाम लोक पिढ्यान्‌पिढ्या पुराच्या वाहत्या पाण्यावर टेपरी घेवडा पिकवत आले. तेच कोरडवाहू बियाणे जपणारी ‘नेटिव्ह सीड्स/सर्च’ ही संस्था टूसॉनमध्ये 1983 पासून काम करते. मोठ्या झाडाच्या विरळ सावलीत चिल्टेपिन ही इवलीशी, जहाल रानमिरची छान होते.

अंगणभर खडी पसरून दोन-चार निवडुंग रोवले की वाळवंटी बाग झाली, ही समजूत मात्र सोडायला हवी. सावलीविना उघडी खडी दिवसभर तापते आणि रात्री उष्णता घरावर फेकते.

परकी झाडे निवडतानाही जपावे लागते. आफ्रिका आणि दक्षिण आशियातले बफेल गवत, म्हणजे आपल्याकडचे अंजन गवत, चाऱ्यासाठी इथे आणले गेले. आता ते डोंगर-उतारांवर पसरून वणवे पेटवते आणि आगीची सवय नसलेले साग्वारो त्यात जळतात. उलट मेस्किटची अमेरिकी भावकी प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा महाराष्ट्रात वेडी बाभूळ होऊन माळराने आणि नदीकाठ व्यापून बसली आहे. टूसॉनच्या अंगणात मेस्किट जपावा आणि बफेल दिसताच, उन्हाळी पावसाने माती मऊ असतानाच, मुळासकट उपटून टाकावे.