सीलिअ‍ॅक आजार
सीलिअ‍ॅक आजार हा गहू, बार्ली यांसारख्या धान्यांतील ग्लूटेन या प्रथिनामुळे उद्भवणारा स्वयंप्रतिकार आजार आहे. त्यात लहान आतड्याच्या अस्तराला इजा होऊन अन्नघटकांचे शोषण घटते. आजन्म ग्लूटेनमुक्त आहार हाच त्यावरील उपचार होय. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातील भात, नाचणी व वरई, तसेच पूर्व भागातील बाजरी व मका ही धान्ये मुळातच ग्लूटेनमुक्त आहेत. मात्र गव्हापाठोपाठ त्याच गिरणीत दळलेले बाजरीचे पीठ, सामाईक पोळपाट-लाटणे आणि गव्हाचे पीठ मिसळलेला हिंग यांतून ग्लूटेन पोटात जाऊ शकते. त्यामुळे एकत्र स्वयंपाक असलेल्या घरात रुग्णासाठी दळण व भांडी वेगळी ठेवावी लागतात. आजार आनुवंशिक असू शकतो. म्हणून रुग्णाचे आईवडील, भावंडे व मुले यांचीही रक्ततपासणी सुचवली जाते. तपासणीपूर्वीच गहू बंद केल्यास निदान चुकू शकते.