बहुवारिक विद्रावांतील अरैखिक प्रकाशीय परिणाम

दृश्य प्रकाशाच्या तीव्रतेनुसार बहुवारिक विद्रावाचा प्रणमनांक बदलणे आणि त्या बदलामुळे प्रकाशाचा स्वतःचाच मार्ग बदलणे, अशा आविष्कारांना ही संज्ञा देतात. सामान्य दिव्याच्या प्रकाशात हा बदल नगण्य असतो.

प्रबल विद्युत् क्षेत्रात पारदर्शक पदार्थ द्विप्रणमनी होतो, असे जॉन केर यांनी १८७५ मध्ये दाखविले. प्रकाशाच्या विद्युत् क्षेत्रानेही असाच परिणाम घडण्यासाठी फार मोठी तीव्रता लागते. ती १९६० मध्ये टी. एच्. मेमन यांनी तयार केलेल्या लेसरमुळे शक्य झाली व १९६४ मध्ये मेयर आणि झीर यांनी द्रवांत हा परिणाम पाहिला. याच वर्षी चाओ, गार्मायर व टाउन्स यांनी तीव्र शलाका स्वतःचाच मार्ग कोंडून घेते, याचा सिद्धांत मांडला.

क्षीण शलाकेचाही परिणाम होतो, हे १९६५ मध्ये बेल प्रयोगशाळेत आढळले. द्रवाने अत्यल्प प्रकाश शोषला, तरी शलाकेच्या मध्याशी द्रव तापतो. बहुतेक द्रवांचा प्रणमनांक तापमानाबरोबर घटत असल्याने तेथे जणू अंतर्गोल भिंग तयार होऊन शलाका पसरते. विद्रावात आणखी एक क्रिया घडते : तापमानातील फरकामुळे विद्रुताचे रेणू स्थलांतर करतात (सोरे परिणाम) व संहती बदलते. यामुळे बनणारे भिंग जिल्यो व व्हेंड्रामिनी यांनी १९७४ मध्ये द्रवमिश्रणात दाखविले आणि १९७७ मध्ये ही पद्धत स्थूलरेणूंच्या विद्रावांना लावली. स्थूलरेणू सावकाश सरकत असल्याने हे भिंग तापनजन्य भिंगापेक्षा उशिरा तयार होते; म्हणून दोन्ही परिणाम वेगळे ओळखता येतात.

पी. डेबाय यांनी १९४४ मध्ये प्रकाशाच्या प्रकीर्णनावरून बहुवारिकांचा रेणुभार काढण्याची रीत दिली होती. मोजणारा प्रकाश विद्रावात काही बदल करीत नाही, हे तीत गृहीत होते. या गृहीताची मर्यादा २००२ मध्ये ठळक झाली. सिगेल, फितास व त्यांच्या सहकाऱ्यांना पॉलिडायीनांच्या समांगी, पारदर्शक विद्रावांत सौम्य लाल लेसर प्रकाशानेही आकृतिबंध निर्माण होताना दिसले. केवळ शोषण व तापन यांनी याचा उलगडा होत नव्हता. पुढे २००८ मध्ये अशाच गुंतलेल्या साखळ्यांच्या विद्रावांत न पसरता जाणाऱ्या शलाकांचेही (प्रकाशीय सॉलिटॉनांचे) वर्णन प्रसिद्ध झाले.

अशा रीतीने मापनातील व्यत्यय वाटणारा परिणाम रेणूंचे विसरण मोजण्याचे साधन बनला. तसेच प्रकीर्णनाच्या प्रयोगांत शलाकेची शक्ती बेताची ठेवणे का आवश्यक आहे, हेही स्पष्ट झाले.